सुई उचलायची जागा

मित्रांनो, मी एक जुना रेकॉर्ड प्लेअर आहे. 'जुना' हा शब्द स्वतःच्या तोंडाने उच्चारायला मला अजूनही जिवावर येते, पण खोटे कशाला बोला? माझ्या लाकडी पेटीच्या एका कोपऱ्याचा पापुद्रा निघाला आहे, झाकणाच्या बिजागऱ्या कुरकुरतात आणि तापायला मला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागतो. फिरायचे मात्र मी विसरलेलो नाही. तुमच्यापैकी अनेकांनी माझ्यासारखे यंत्र पाहिलेही नसेल, म्हणून आधीच सांगून टाकतो. रेकॉर्ड म्हणजे गाण्याची काळी तबकडी. ती माझ्या गोल पाटावर ठेवतात आणि पाट फिरू लागतो. मला एक बारीक हात आहे, त्याच्या टोकाला सुई आहे. तबकडीवर केसाहून बारीक रेघ कोरलेली असते, बाहेरून आत गोल गोल जाणारी. सुई त्या रेघेतून चालते आणि रेघेत जे साठवलेले असेल ते खोलीत ऐकू येते.

यात जादू वगैरे काही नाही. पण एका गोष्टीची मला पहिल्यापासून थोडी भीती वाटत आली आहे. रेघेतली बहुतेक माणसे आता या जगात नाहीत. ट्रम्पेट वाजवणारा सूर लावण्याआधी श्वास घेतो, तो श्वास मला स्पष्ट जाणवतो. त्याला जाऊन किती वर्षे झाली कोण जाणे, पण सुई त्या जागी आली की तो श्वास घेतोच. माणसे संगीत ऐकतात आणि निघून जातात. मी मात्र दिवसभर अशा श्वासांच्या सोबतीत असतो, आणि झाकण लावल्यावरही ते लगेच जात नाहीत.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. सुताराने पेटी केली, दुसऱ्याने मोटर बसवली, आणि शेवटी एका बाईसमोर मला ठेवण्यात आले. तिचे काम हात तोलण्याचे होते. हाताच्या मागच्या बाजूला एक छोटे वजन असते, ते ती कणाकणाने फिरवत राहिली. सुई तबकडीवर टेकली पाहिजे, पण तिने तबकडीला टोचू नये, असा तो तोल असतो. मनासारखे झाल्यावर ती शेजारणीला म्हणाली, "ह्याच्या हातावर जरा जरी भार पडला ना, तर रेघ खरवडून काढील हा." ते बोलणे मी मनात गाठ मारून ठेवले. मित्रांनो, मला माझ्या हाताचा गर्व आहे. सगळ्यांना कसला ना कसला तरी असतोच.

मला विकत घेतले ते एका चष्मेवाल्याने. त्याचे चष्म्यांचे दुकान रस्त्याच्या कोपऱ्यावर होते आणि राहण्याची जागा त्याच दुकानाच्या वर. मागच्या खोलीत त्याने मला खिडकीपासून दूर, ऊन लागणार नाही असे ठेवले. तो तेव्हा तरुण होता, एकटा होता, आणि त्याला जाझ नावाच्या संगीताचे वेड होते. जाझमध्ये ठरलेले थोडे आणि ऐन वेळी सुचलेले फार. एकच धून आज एक तऱ्हेने वाजते आणि उद्या दुसऱ्या तऱ्हेने. ह्या वाहत्या गोष्टीला चष्मेवाला तबकड्यांत पकडून ठेवू पाहत होता. धंदा होवो न होवो, रेकॉर्ड यायचीच. भिंतीवरची फळी भरली, मग दुसरी, मग कपड्यांचे कपाट रिकामे झाले आणि कपडे खुंटीवर गेले.

रेकॉर्ड कशी हाताळावी हे त्याच्याकडून शिकावे. तो आधी हात धुई, मग भिंगे पुसायचे मऊ कापड घेई. तबकडी दोन तळव्यांत कडेने धरी, तिच्यावर बोटाचा ठसा उमटू देत नसे. दुकानातले भिंग डोळ्याला लावून माझी सुई तपासे. माझ्यासमोर बसला की डोळे मिटी आणि मग खोलीत कुणी शिंकले तरी त्याच्या कपाळाला आठी पडे. असा मालक मिळाल्याबद्दल मी स्वतःला भाग्यवान समजत असे, आणि तसा मी होतोही.

मग घरात ती आली. ती टेलिफोनच्या कचेरीत काम करायची. कानाला यंत्र लावून, समोरच्या भोकांत तारा खुपसून ती इकडच्या माणसाला तिकडच्या माणसाशी जोडून द्यायची. सगळ्या शहराने तिचा आवाज ऐकला होता आणि तिला कुणीच पाहिले नव्हते. दिवसभर 'थांबा, जोडून देते' एवढेच बोलावे लागत असल्याने उरलेले सगळे बोलणे ती घरी येऊन बोलत असे. आणि हसत असे. तिचे हसणे आधी नाकात सुरू व्हायचे, मग घशात अडकायचे, आणि मग जे फुटायचे ते तिच्या हातात राहायचे नाही.

शनिवारी संध्याकाळी दोघे एका हॉटेलच्या तळघरातल्या हॉलमध्ये जाझ ऐकायला जात. मी अर्थातच तिथे कधी गेलो नाही. पण परत आल्यावर त्यांच्या कोटांना सिगारेटच्या धुराचा वास असे आणि दोघांचा वाद जिना चढतानाच सुरू झालेला असे.

"आज त्याने जे वाजवलं ते वाहून गेलं," चष्मेवाला म्हणे. "संपलं. रेकॉर्ड असती तर राहिलं असतं."

"राहिलं असतं, पण आपल्याकडे बघून वाजवलं नसतं," ती म्हणे. "तुमची ती रेकॉर्ड कुणाकडे बघते हो?"

तो नाक मुरडून माझ्याकडे येई, तीच धून लावी, आणि ती मध्येच बोलली की बोट ओठावर ठेवून 'शू' करी. घरात तो शब्द दिवसातून कितीदा उमटे याला गणती नव्हती. कुकरची शिट्टीसुद्धा त्याच्या मर्जीने वाजावी अशी त्याची अपेक्षा असे.

पुढे घरात एक मुलगी झाली. आणि ती रांगायला लागली त्या सुमारास तळघरातल्या हॉलची एक संध्याकाळ रेकॉर्ड करायचे ठरले. एका छोट्या कंपनीने माणसे पाठवली, तारा पसरल्या, मंचावर माइक लावले. प्रेक्षकांना बजावले की वाजवणे चालू असताना हूं की चूं करायचे नाही. चष्मेवाल्याचे टेबल पियानोला अगदी लागून होते. त्या रात्री तो घरी आला तो रागाने धुमसत. बायको मागून येत होती आणि तोंड दाबत होती.

घडले होते ते असे. एक अतिशय संथ धून चालू होती. एकेक करून सगळे वादक थांबले आणि फक्त डबल बास उरला. डबल बास म्हणजे माणसाहून उंच असलेले, उभ्याने छेडायचे तंतुवाद्य. हॉलमध्ये टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता होती. पियानोवाल्याला ही टेलिफोनवाली चांगली माहीत होती, कारण दूरच्या गावी असलेल्या त्याच्या आईशी तीच त्याला जोडून देत असे. त्याने तिच्याकडे पाहिले आणि सगळ्यात उंच स्वरांपैकी दोन स्वर हळूच वाजवले. टेलिफोनची घंटी जशी वाजते, अगदी तसे. आणि ती हसली. माइक चालू असताना.

काही महिन्यांनी रेकॉर्ड आली. चष्मेवाल्याने हात धुतले, ती माझ्यावर ठेवली, डोळे मिटले. संथ धून आली, बास एकटा उरला, पियानोची घंटी दोनदा वाजली, आणि माझ्या पोटातून तिचे हसणे खोलीभर सांडले. तो ताडकन उठला आणि त्याने तिथेच सुई उचलली.

"नासली," तो म्हणाला. "सबंध रेकॉर्ड नासली."

"अहो, त्या रेकॉर्डवर बाकी सगळे पगारी आहेत," ती म्हणाली. "तिकीट काढून आलेलं एकच माणूस आहे, ते मी."

त्याला हसू आले नाही. तो कंपनीत जाऊन रेकॉर्डिंगवाल्याशी तासभर भांडला. शेवटी त्यांनी ऐकले. रेकॉर्डच्या दुसऱ्या खेपेत तो तुकडा कापून काढला. तो विजयी मुद्रेने घरी आला, पण मित्रांनो, संग्राहकांची तऱ्हा पाहा. दुसऱ्या खेपेची रेकॉर्ड घरात आणणे त्याच्या तत्त्वात बसत नव्हते. पहिली खेप ती पहिली खेप. म्हणून घरात राहिली ती हसण्याची रेकॉर्डच. ती लावताना तो माझ्याजवळ उभा राही, पियानोची घंटी येण्याआधी सुई उचली आणि बरेच पुढे नेऊन ठेवी. कितीतरी वर्षे त्या जागेवरून माझा हात असा हवेतून जात राहिला.

मुलीला नुकतेच शाळेत घातले होते, त्या हिवाळ्यात तिची आई आजारी पडली. छातीचे दुखणे होते. तिला दवाखान्यात नेले, आणि परत आली ती तिची कपड्यांची पिशवी. घरात लोक आले, बसले, गेले. माझ्यावर कुणीतरी चादर टाकली होती. त्या चादरीखाली मी जितकी शांतता ऐकली तितकी कारखान्यातून निघाल्यापासून कधी ऐकली नव्हती. त्याला आता कुणाला 'शू' म्हणायचे उरले नव्हते. पोर तर आपोआपच चवड्यांवर चालायला शिकली होती.

मग एका दुपारी दुकान बंद करून तो वर आला. चादर काढली. हातसुद्धा न धुता त्याने ती रेकॉर्ड काढली, खोलीचे दार लावले आणि सुई नेमकी पियानोच्या घंटीआधी ठेवली. दोन स्वर वाजले. ती हसली. हसू संपता संपता त्याने सुई उचलली आणि पुन्हा मागे ठेवली. दोन स्वर. हसू. पुन्हा. दुपार सरेपर्यंत तो ते करत होता, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा आला.

एक गोष्ट माझ्या लक्षात आली. रेकॉर्डच्या मधल्या कागदावर एक छापील तारा होता. फिरता फिरता तो तारा त्याच्यासमोर आला की तो सुई उचलायचा, क्षणभरही पुढे जाऊ द्यायचा नाही. त्याच्या पुढे रेघेत काय होते ते मला माहीत नव्हते, कारण माझी सुई तिथे कधी गेलीच नव्हती. त्याला मात्र माहीत असावे. ताऱ्याची वाट पाहताना त्याचा चेहरा असा होई की मला त्याच्याकडे बघवत नसे.

आता तुम्हीच सांगा, एका जागी रोज सुई टेकवली तर काय होणार? तिथे ओरखडा पडला. सुई घंटीवरून उडी मारून थेट हसण्याच्या मध्यात पडू लागली. तेव्हा त्या चष्मेवाल्याने, ज्याने जन्मभर तबकडीला बोट लागू दिले नव्हते, खिशातून एक नाणे काढले आणि माझ्या हाताच्या टोकावर ठेवले. सुई उडी मारीनाशी झाली. ती रेघेत रुतून चालू लागली. मला हात तोलणारी ती बाई आठवली. पण मला ओरडता येत नाही. माझ्यावर जे ठेवतील ते मी वाजवतो, आणि माझ्यावर जे ठेवतील ते मी सोसतो.

दुकानातले एक जुने गिऱ्हाईक एकदा वर आले तेव्हा म्हणालेही, "टेपवर उतरवून घ्या की. कायमचं राहील."

"टेपवर उतरवलं की ती नक्कल," चष्मेवाला म्हणाला. "मला ती हवी."

त्याचे हे बोलणे ऐकून मला त्याचा राग आला होता, आणि आजही थोडा आहे. जिला तो इतका जपू पाहत होता तिला तो माझ्याच सुईने रोज थोडी थोडी पुसत होता. आधी हसण्याचा उंच भाग गेला. मग नाकातली सुरुवात गेली. मग त्या जागी चुरचुर उरली आणि चुरचुरीच्या मागे कुठेतरी, बंद दाराआड कुणी असावे तसे, काहीतरी. मग तेही गेले. पियानोची घंटीही गेली. सुई त्या जागी यायची आणि खोलीत फक्त वाळू सरकल्यासारखा आवाज व्हायचा.

आणि तरीही तो ऐकत होता, मित्रांनो. डोळे मिटून बसायचा. चुरचुर चालू असताना, नेमक्या त्या क्षणी, त्याच्या ओठांच्या कडा हलायच्या. त्याला ती ऐकू येत होती. मला येत नव्हती, आणि वाजवणारा मी होतो. मी आयुष्यभर गेलेल्या माणसांचे श्वास वाजवले, पण मला भीती वाटली ती ह्या रिकाम्या रेघेची. तिथे तो रोज कुणाला भेटत होता, हे विचारायला मला तोंड नव्हते. फळीवरच्या बाकीच्या रेकॉर्ड अंधारात उभ्या होत्या. त्यांच्यावर धूळ बसली, त्यांची कव्हरे एकमेकींना चिकटली. हॉलमध्ये जाणे तर त्याने केव्हाच सोडले होते.

मुलगी मोठी झाली. ज्या घरात पावलाचा आवाज करायचा नाही त्या घरातली ही मुलगी पोहण्याच्या तलावावर शिक्षिका झाली. दिवसभर शिट्ट्या मारते आणि ओरडते. आईचा चेहरा तिला फोटोमुळे माहीत होता, आवाज मात्र आठवत नव्हता. लहानपणी तिने बंद दाराबाहेरून विचारले होते, "बाबा, आईचा आवाज आहे ना त्या रेकॉर्डमध्ये? मला ऐकव ना." त्याने आतून सांगितले होते, "मोठी झालीस की." मोठी झाल्यावर तिने विचारायचे सोडले आणि दुसऱ्या गावी राहायला गेली.

ती परत आली ती बापाच्या डोळ्यांसाठी. जन्मभर दुसऱ्यांना दृष्टी जुळवून दिलेल्या माणसाला मोतीबिंदू झाला होता. एका डोळ्याचे ऑपरेशन झाले, त्यावर पट्टी आली, आणि दुसरा आधीच अधू. डॉक्टरांनी वाकायचे नाही, रडायचे नाही, डोळ्याला ताण द्यायचा नाही असे सांगितले. दोन-तीन दुपारी त्याने कशाबशा काढल्या. मग जेवण झाल्यावर तो भिंतीला हात लावत मागच्या खोलीत आला, माझे झाकण उघडले, आणि त्याला तारा दिसेना. सुई ठेवायची जागा दिसेना. त्याचा हात माझ्यावर चाचपडत राहिला.

"अगं," त्याने हाक मारली, "जरा इकडे ये."

ती दारात थांबली. त्या उंबऱ्याच्या आत यायची तिला सवयच नव्हती.

"ये की. एक सुई ठेवायची आहे." मग तो म्हणाला, "आईची रेकॉर्ड आहे."

ती पुढे आली. त्याने तिला सगळे शिकवले. तबकडी कशी धरायची, रेघेतला पांढुरका झालेला पट्टा कुठला, तारा समोर आला की सुई कशी उचलायची. तिने श्वास रोखून सुई ठेवली. चुरचुर झाली. तारा समोर आला, तिने सुई उचलली.

"ऐकलंस?" तो म्हणाला. पट्टीखालचा त्याचा चेहरा उजळला होता. "कसं मोकळं हसते बघ."

मुलगी त्याच्याकडे बघत राहिली. तिने पुन्हा सुई ठेवली, कान माझ्या जाळीला लावला, पुन्हा ठेवली.

"बाबा," ती म्हणाली, "ह्यात काहीच नाहीये."

"नीट ऐक."

"नीटच ऐकतेय. नुसती खरखर आहे, बाबा."

लहान मुलाचा हात धरून कुणी त्याला झोपेतून उठवावे तसा तो गोंधळला होता. तिला राग आला होता. "तू सगळं संपवलंस," ती म्हणाली. "मला एकदासुद्धा न ऐकवता." आणि ती चप्पल घालून बाहेर पडली.

मी वाईट वाटून घ्यायला मोकळा होतो, पण ती पोर रडत बसणारी नव्हती. तिने त्या आठवड्यात शहरातली जुन्या रेकॉर्डची दुकाने पालथी घातली. एका दुकानात तिला तीच रेकॉर्ड मिळाली, अगदी नव्यासारखी. दुकानदाराने विचारले होते की घरी सुईवर काही वजन तर ठेवत नाही ना, म्हणून ती आली ती पहिल्यांदा माझ्या हातावरचे नाणे काढून टेबलावर ठेवती झाली. इतक्या वर्षांनी माझा हात हलका झाला. मला ते सुख नीट उपभोगताही आले नाही, कारण खुर्चीत बसलेला चष्मेवाला पांढराफटक पडला होता.

"दुसऱ्या खेपेची असेल," तो म्हणाला.

"त्याने काय होतं? धून तर तीच आहे."

तिने सुई ठेवली. संथ धून आली. बास एकटा उरला. पियानोची घंटी वाजली, दोन स्वर, लखलखीत. मुलगी पुढे झुकली. आणि बास शांतपणे पुढे निघून गेला. पियानोने हाक मारली होती आणि कुणी ओ दिली नव्हती. मी पुष्कळ रेकॉर्ड वाजवल्या आहेत, पण इतकी ओकी जागा माझ्या सुईखालून कधी गेली नव्हती.

"कुठे आहे?" ती म्हणाली.

तेव्हा त्याने सांगितले. कंपनीत जाऊन आपण कसे भांडलो, आपल्याच सांगण्यावरून ते हसणे कसे कापले, तेव्हा आपल्याला केवढा आनंद झाला होता. तो खाली मान घालून बोलत होता. मुलगी ऐकत होती. बोलता बोलता तो म्हणाला, "आणि ती तिथे हसली तेव्हा मी..." आणि थांबला.

"तेव्हा तू काय?"

तिने नवी रेकॉर्ड उतरवली आणि जुनी पुन्हा चढवली.

"आता कशाला?" तो म्हणाला.

"ताऱ्याच्या पुढे काय आहे, बाबा? तिथेच का उचलायची?"

"काही नाही. बास आहे."

तिने सुई ठेवली. वजन नव्हते तरी सुईने उडी मारली नाही. उडी मारायला रेघेत आता अडथळाच उरला नव्हता. चुरचुर झाली. तारा समोर आला.

"उचल," तो म्हणाला.

तिचा हात तिच्या मांडीवर होता.

"उचल ना गं."

तारा निघून गेला. माझी सुई त्या कोऱ्या रेघेत शिरली, जिथे ती इतक्या वर्षांत कधीच गेली नव्हती. आणि खोलीत एका तरुण माणसाचा करकरीत, रागावलेला आवाज आला.

"शूऽऽ."

चष्मेवाल्याने दोन्ही हातांनी खुर्ची धरली. मी समजलो. इतकी वर्षे तो ज्याच्याआधी सुई उचलत होता ते हे होते. हसणे पार झिजून गेले होते आणि त्याने तिला गप्प केलेले तेवढे जसेच्या तसे उरले होते. एकदाही न वाजल्यामुळे त्याला धूळसुद्धा लागली नव्हती. मुलगीही समजली. माझा पाट फिरत होता, बासचा एक जाड स्वर आला, मग दुसरा. मला वाटले, संपले, आता ह्या घरात मला कुणी उघडणार नाही.

आणि मग बासच्या खाली काहीतरी हलले. नाकातून सुटलेला श्वास. तोंडावर हात दाबून धरलेले, तरीही बोटांमधून निसटणारे हसू. ते घशात अडकले, थांबले, आणि आणखी जोरात फुटले. पियानोवाल्यालाही ते ऐकू आले असावे, कारण त्याने पुन्हा एकदा घंटी वाजवली, ह्या वेळी अगदी हळू, फक्त तिच्यासाठी. ती पुन्हा हसली. बास वाजवणाराही गालात हसला असावा, त्याचा एक स्वर किंचित घसरला. हे सगळे तिथे होते. स्वच्छ, ताजे, एकाही ओरखड्याशिवाय.

पट्टीच्या कडेने त्याच्या गालावर पाणी आले होते आणि डॉक्टरांनी रडायचे नाही म्हणून सांगितले होते, पण ते कुणालाच आठवले नाही.

"मला वाटत होतं, मी तिला गप्प केलं," तो म्हणाला. "इतकी वर्षं."

"ती कुठे गप्प बसली, बाबा."

"पुन्हा लाव," तो म्हणाला. "तेवढंच. पुन्हा लाव."

तिचा हात माझ्याकडे आला. मित्रांनो, माझा जीव टांगणीला लागला, कारण पुन्हा, आणि पुन्हा, म्हणजे काय ते मला चांगलेच ठाऊक होते. तिला आईचा आवाज आत्ता कुठे मिळाला होता. तिलाही तो पुन्हा हवा होता, तिच्या बोटांवरून ते दिसत होते. तिने हात मागे घेतला आणि बापाच्या हातावर ठेवला.

"आधी हे पूर्ण वाजू दे," ती म्हणाली.

आणि त्या दोघांनी ती धून शेवटपर्यंत ऐकली. थांबलेले वादक एकेक करून परत आले, टाळ्या पडल्या, मग पुढची धून सुरू झाली. जिच्यावर तो इतका जीव टाकत होता ती रेकॉर्ड त्याने त्या जागी सुई न उचलता, शेवटपर्यंत अशी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली.

आता ती रेकॉर्ड रोज लागत नाही. मुलगी येते तेव्हा लागते, आणि लागली की पहिल्यापासून शेवटपर्यंत लागते, मध्ये कुणी हात लावत नाही. मला माहीत आहे, मी कितीही हलक्या हाताने चाललो तरी ते दुसरे हसूही एक दिवस झिजणार आहे. कधी कधी झाकण बंद असताना मला ती हसल्यासारखी वाटते. मी अंधारात तसाच राहतो आणि ऐकतो.

म्हणून मित्रांनो, माझी तुम्हाला एवढीच विनंती आहे. माझ्यासारखे जुने यंत्र तुमच्या घरी असेल तर त्याची धूळ पुसा, त्याच्या हातावर भार ठेवू नका. पण त्याहून महत्त्वाचे सांगतो. तुमच्या शेजारी बसलेले माणूस चुकीच्या जागी हसले, सगळ्यांसमोर हसले, तुम्हाला मान खाली घालावी लागेल असे हसले, तरी त्याला हसू द्या. तोंडातून 'शू' निघालेच, तर तिथून उठून जाऊ नका. जरा थांबा आणि पुढे ऐका. ते माणूस अजून हसत असेल.